साखळीचं दुसरं टोक

माझ्या भावानं माझ्यावर पहिल्यांदा हात उचलला तेव्हा मी भेंड्या चिरत होते. तो मागून आला, माझे केस धरले आणि डोकं ओट्यावर आपटलं. आई धावत येईपर्यंत आपटत राहिला. मग स्वतःच घाबरला आणि मोरीत जाऊन बसला. माझ्या डाव्या भुवईला टाके पडले, तिथं अजून केस येत नाहीत. जामबागच्या ज्या शाळेत मी शिकवते तिथं मी सांगितलं की मोरीत पाय घसरला. शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांनी विश्वास ठेवल्यासारखं केलं. महिनाभरापूर्वी बाबा सुजलेला जबडा घेऊन मला शाळेत काही द्यायला आले होते, तेव्हा तेही मोरीतच घसरले होते.

दादा माझ्याहून थोडा मोठा. आजारी पडायच्या आधी तो इतका मऊ होता की गिऱ्हाइकानं भाव पाडून मागितला की बाबांच्या आधी तोच मान डोलवायचा. मग त्याला भिंतीतून बोलणं ऐकू यायला लागलं. भिंतीतली माणसं त्याला शिव्या देत आणि घरातले सगळे आपल्याला सामील आहेत असं सांगत. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या. गोळ्यांनी बरं वाटलं की तो गोळ्या सोडायचा आणि गोळ्या सोडल्या की भिंत पुन्हा बोलायची. काही दिवस दाखल करा, असं डॉक्टरांनी सुचवलं. बाबांनी ऐकून घेतलं आणि ऑटोत बसल्यावर म्हणाले, हा विषय बंद. हैदराबादेत पोरं एकमेकांना चिडवताना ‘एर्रागड्ड्याला जा’ म्हणतात, कारण मनोरुग्णांचा दवाखाना तिथं आहे. ती चेष्टा आपल्या पोराच्या कपाळी लिहायची बाबांची तयारी नव्हती. या असल्या अब्रूचा मला तेव्हाही संताप यायचा, आजही येतो.

आमचं दुकान अफझलगंजात. आजोबा लातूरकडची शेती भावांवर टाकून इकडं आले, तेव्हापासून आम्ही दोर, साखळ्या, कड्या-कोयंडे विकतो. गाईम्हशींच्या साखळ्या, झोपाळ्याच्या, लॉरीच्या फळीच्या, कुत्र्यांच्या. बाकीचे दुकानदार साखळी जमिनीवर पसरून मोजतात. आमच्याकडं साखळी जमिनीला लावत नाहीत. एक टोक गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं, दुसरं आपण धरायचं आणि दोघांनी मागं रेलून ओढायचं. कच्चा जोड असला तर तिथंच उघडतो. मग बाबा विचारणार, “पक्की?” गिऱ्हाईक “पक्की” म्हणालं की मगच साखळी कापायची. आजूबाजूचे दुकानदार हसायचे, बाप्पा लगीन लावून राहिला म्हणायचे. जाड साखळीला ओढायला गिऱ्हाईक पुरं पडलं नाही तर ते टोक दादा धरायचा. शाळेत होता तेव्हापासून ते त्याचंच काम. त्याचे दंड त्या ओढण्यानंच पिळदार झाले होते.

इकडं आईचं वेगळं चाललं होतं. दर्ग्यातला ताईत झाला, तुळजापूरचा नवस झाला. मग भाजीवालीनं तिला शहराबाहेरच्या एका प्रार्थनेच्या जागेचं सांगितलं. तिथले मोठे भाऊ डोक्यावर हात ठेवून भूत काढतात म्हणे. आम्ही हिंदू, ती जागा ख्रिस्ती, पण आईला त्याचं काही नव्हतं. पोरगं बरं करील तो माझा देव, असं तिनं सरळ सांगितलं. तिथली एकच अट होती. रोग्याची साखळी आणि कुलूप घरच्यांनी आणायचं.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलंय. शनिवार होता, अर्धी शाळा सुटल्यावर मी दुकानात गेले होते. त्या दिवशी दादा शांत होता, गल्ल्यामागं स्टुलावर बसला होता. बाबांनी खुंटीवरून मध्यम जाडीची साखळी उतरवली, माप घेतलं आणि जन्माच्या सवयीनं दुसरं टोक पुढं केलं. दादा उठला. त्यानं टोक मनगटाभोवती एक वेढा देऊन धरलं, नेहमी धरायचा तसं, आणि दोघं मागं रेलले. साखळी ताणून सरळ झाली.

“पक्की?” बाबा म्हणाले.

“पक्की,” दादा म्हणाला.

बाबांनी कापली. कापल्यावर त्यांच्या लक्षात आलं. हातातली साखळी कापायची कातर तशीच धरून ते खिळ्यांच्या पोत्यावर बसले. ही कुणाची ऑर्डर, असं दादानं विचारलं. मला त्या क्षणी बाबांना मारावंसं वाटलं. बापाला मारावंसं वाटणं काय असतं ते मला त्या दुपारी कळलं आणि दादाबद्दलचा माझा अर्धा राग तिथंच ओसरला.

दुसऱ्या दिवशी ते त्याला सोडून आले. मी गेले नाही. पुढच्या रविवारी आईबरोबर डबा घेऊन गेले.

माळावर पत्र्याची लांब शेड होती. सिमेंटच्या खांबांना माणसं बांधलेली होती, बहुतेकांच्या पायात साखळी. मुतारीचा वास होता आणि लाउडस्पीकर होता. मोठे भाऊ तेलुगूत बोलत होते. मला तेलुगू चांगलं समजतं. बायबलातली एक गोष्ट चालली होती. एक माणूस थडग्यांमध्ये राहायचा, दगडांनी स्वतःला ठेचून घ्यायचा, रात्रंदिवस ओरडायचा. लोकांनी त्याला साखळ्यांनी बांधलं तरी तो तोडून टाकायचा. साखळीला तेलुगूत गोलुसु म्हणतात. भाऊ हात वर करून तो शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होते, आणि प्रत्येक वेळी शेडमधल्या घरच्या लोकांच्या माना हलत होत्या. पवित्र ग्रंथातच साखळी आहे म्हटल्यावर कुणाचं मन खाणार नव्हतं.

प्रवचन संपल्यावर एक धिप्पाड माणूस हिरव्या पाइपचा तुकडा घेऊन रांगेतून निघाला. प्रत्येकाच्या पाठीत मारायचा आणि प्रत्येक फटक्याला “पो” म्हणून ओरडायचा. पो म्हणजे जा, चालता हो. तो भुताला मारत होता, पाठ मात्र माणसांची होती. एक म्हातारा मार चुकवायला साखळीच्या लांबीभर गोल गोल पळाला आणि खांबाला गुंडाळला गेला. दादाचा नंबर आला तेव्हा दादा ओरडला नाही. तो माझ्याकडं बघत राहिला. शर्ट वर गेला आणि मला त्याची पाठ दिसली, नव्यावर जुने, जुन्यावर नवे वळ, मधे एके ठिकाणी पू झालेला.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी तो पाइप हिसकला आणि त्या माणसाच्या तोंडावर मारला. त्याचा ओठ फुटला. मला बरं वाटलं, म्हणून आणखी मारला. मग दोघांनी माझे हात मागं धरले, तिसऱ्यानं कानफटात दिल्या आणि मला फाटकाबाहेर ढकललं. डबा मागून आला, झाकण उघडून भात मातीत पसरला. आई आत बसून राहिली होती, डोळे घट्ट मिटून.

चिक्कडपल्लीला आम्ही राहतो तिथं तळमजल्यावर एक म्हातारे तेलुगू सर राहत. आयुष्यभर त्यांनी पाद्री व्हायला शिकणाऱ्या मुलांना ग्रीक शिकवलं होतं, कारण बायबलाचा दुसरा भाग मुळात त्या भाषेत आहे. आम्ही त्यांना मास्टरगारू म्हणायचो. बसमधून उतरून मी थेट त्यांच्या दारात गेले. गाल सुजला होता, कानात शिट्टी वाजत होती. तुमच्या पुस्तकात माणसांना बांधायला सांगितलंय, असं मी त्यांना ऐकवलं. आणखीही बरंच ऐकवलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

त्यांनी मला बसायलाही सांगितलं नाही. सगळं ऐकलं, मग तेही भडकले, पण माझ्यावर नाही. कपाटातून ग्रीक पुस्तक काढून त्यांनी ती गोष्ट उघडली आणि बोटाखाली एकेक शब्द धरून मला समजावली. त्या गोष्टीत दोन वस्तू आहेत, एक पायातली बेडी आणि दुसरी साखळी. साखळीचा शब्द हालुसिस. ज्याला येशू बरा करतो त्याला येशू साखळी घालत नाही, घालतात ते गाववाले, आणि तीही निरुपयोगी ठरते, एवढं तर शाळकरी पोरालाही कळावं, असं ते म्हणाले. मग त्यांनी पानं उलटली. हाच शब्द पुढं एका कैद्याच्या संदर्भात येतो. तो प्रेषित रोमी शिपायांच्या पहाऱ्यात होता आणि तिथूनच पत्रं लिहायचा. रोमी लोकांची पद्धत अशी, की साखळीचं एक टोक कैद्याच्या मनगटाला आणि दुसरं शिपायाच्या. कैदी उठला की शिपाई उठणार, कैदी जेवला की शिपायाचा हात हलणार.

मी विचारलं, मग त्या थडग्यांतल्या माणसाच्या साखळीचं दुसरं टोक कुणाच्या हाताला होतं.

मास्टरगारूंनी चष्मा काढला. “वो लिखा नईं अम्मा. किताब में जो नईं, वो मैं नईं बोलता,” ते म्हणाले. “मगर मेरेकू लगता, किसीके हात में नईं था. बांधे, और अपने अपने घरां कू चले गए.”

हे मी त्याच संध्याकाळी बाबांना सांगितलं, जसंच्या तसं. दुकान बंद करून ते नुकतेच आले होते, पायही धुतले नव्हते. दादाच्या पाठीचं सांगितलं, पाइपचं सांगितलं, शिपायाच्या मनगटाचं सांगितलं. तुम्ही एक टोक त्याच्या हातात देऊन साखळी पक्की करून घेतलीत आणि दुसरं टोक खांबाला बांधून घरी आलात, असं मी म्हणाले. ते जेवले नाहीत. रागानं बोललेले शब्द नंतर मला खातात, हे शब्द कधी खाल्ले नाहीत.

सकाळी ते मला घेऊन तिथं गेले. रात्री तिथंच थांबलेली आई आमच्याकडं न बघता उभी राहिली. बाबा कुणाशी भांडले नाहीत. त्यांच्याकडं कुलपाची किल्ली होती. त्यांनी खांबाचं टोक सोडलं, स्वतःच्या उजव्या मनगटाला खांद्यावरचा रुमाल गुंडाळला, त्यावर साखळीचा वेढा घेतला आणि कुलूप लावलं. दादाच्या पायातली तारेनं पिळलेली साखळी काढून त्याच्या डाव्या मनगटाला तशीच अडकवली, माझ्या पर्समधलं शाळेच्या कपाटाचं कुलूप मागून घेऊन. मग तो पाइपवाला आडवा आला. त्याचा ओठ अजून सुजलेला होता.

“मार,” बाबा त्याला म्हणाले. “आता दोघांला लागंल.”

त्यानं मारलं. खरंच मारलं, बाबांच्या खांद्यावर आणि मानेवर. पण फाटकापर्यंत चालत गेलेल्या दोघांना कुणी थांबवलं नाही.

घरी आल्यावर मला वाटलं, आता साखळी निघेल. ती निघाली नाही. डॉक्टर घरी आले, इंजेक्शन दिलं, बाबांवर ओरडले. मी असल्या गोष्टीला उपचार म्हणणार नाही, आजच काढा आणि पोराला दाखल करा, म्हणाले. औषधाचा गुण यायला वेळ लागेल, तोवर सांभाळा, हेही म्हणाले. तोवर असाच सांभाळतो, म्हणून बाबा अडून बसले. दुसऱ्या दिवशी मी दोन्ही किल्ल्या मागितल्या. शिपाई झालात तेवढं पुरे, असं मी म्हणाले. नयापुलावरून मुसी नदीत टाकल्या, असं बाबांनी सांगितलं. दुकान बघून यायला दोघं ऑटोनं गेले होते, तेव्हा. मी घर डोक्यावर घेतलं. साखळी कापायची कातर दुकानात होती, दुकानाची किल्लीही बाबांकडंच होती. तीही देईनात.

ते दिवस कसे गेले ते सांगते. दादा झोपेतून उठायचा आणि शेजारी बाबा दिसले की त्यांना मारायचा. बाबांना पळायला जागा नव्हती, साखळी तेवढीच लांब. एकदा त्यानं साखळीचा फास करून त्यांच्या गळ्यात घातला. बाबांचे डोळे पांढरे झाले आणि मी लाटणं त्याच्या बोटांवर मारत राहिले. एक बोट मोडलं तेव्हा त्यानं सोडलं. दुसऱ्या एका सकाळी बाबांचा पुढचा दात पडला. त्यांनी तो ओट्यावरच्या चहाच्या गाळणीत ठेवला आणि चूळ भरली. संडासलाही दोघं बरोबर, दार अर्धं लावून. आई देवासमोर बसेनाशी झाली. ती दोघांच्या मधल्या साखळीला जुन्या लुगड्याच्या पट्ट्या गुंडाळत बसायची, लागू नये म्हणून. मी शाळेत जायचे, मुलांना भारताच्या नद्या शिकवायचे आणि मधल्या सुट्टीत घरी फोन करायचे. आईनं फोन उचलला की ठेवून द्यायचे. उचलला म्हणजे कुणी मेलं नाही.

मग तो गुरुवार. मी शाळेतून येऊन चप्पल काढत होते. बाबा गॅलरीत खुर्चीवर बसले होते, दादा त्यांच्या पायाशी. अलीकडं तो जरा निवळला होता, म्हणून बाबांना डुलकी लागली होती. दादा उठला, भिंतीला कान लावला, होय होय म्हणाला आणि कठड्यावर चढून खाली उडी टाकली.

दुसरा मजला. खाली फरशी, पाण्याची मोटर, मास्टरगारूंच्या कुंड्या.

साखळी ताणली गेली आणि बाबा खुर्चीसकट कठड्यावर आदळले. त्यांचा उजवा हात कठड्यावरून बाहेर ओढला गेला. कोपर सिमेंटच्या कडेवर मोडल्याचा आवाज मी दारातून ऐकला. ऊस मोडल्यासारखा आवाज होता. मी धावले, आईनं बाबांची कंबर धरली. मी खाली पाहिलं तर दादा मनगटावर लटकत होता, गोल फिरत होता, आणि पायांनी भिंतीला लाथा मारत होता, सुटायला.

“बाबा, सोडा,” तो ओरडत होता. “सोडा बाबा, ते बोलावून राहिले.”

बाबांनी दोन्ही गुडघे कठड्याच्या आतल्या बाजूला टेकवले आणि मागं रेलले. तसेच, जसे दुकानात रेलायचे. मोडलेल्या हातानं त्यांनी रेलून धरलं. हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं आणि रुमालातून रक्त गळत होतं, थेट दादाच्या तोंडावर. मी डावा हात खाली घालून दादाची कॉलर पकडली, ती फाटली, मग केस पकडले. त्यानं माझ्या हाताला चावा घेतला. खालून मास्टरगारू कुणाकुणाला हाका मारत होते. शेजारच्या घरातले दोघं जिन्यानं वर आले, त्यांनी दादाचा दंड धरला, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला कठड्यावरून आत ओढून पाडलं. त्याचा खांदा निखळला होता. साखळीचा एकही जोड उघडला नव्हता. तिची पारख त्यानं स्वतः केली होती.

दवाखान्यात दोघांना स्ट्रेचरच्या एकाच गाडीवर आडवं टाकून न्यावं लागलं, कारण साखळी तशीच होती. कॅज्युअल्टीतल्या सिस्टरनं बाबांचा शर्ट कात्रीनं कापला आणि गोळा करून माझ्या हातात दिला. छातीच्या खिशात काहीतरी टोचलं. मी बोटं घातली. दोन्ही किल्ल्या होत्या. एक बाबांच्या कुलपाची, एक माझ्या शाळेच्या कपाटाची.

मी त्या बाबांच्या डोळ्यांसमोर धरल्या. त्यांच्या डाव्या हाताला काही झालेलं नव्हतं. तो हात खिशापासून वीतभर दूर होता, सगळा वेळ.

“सोडा म्हणत होता ना तो,” बाबा म्हणाले. जीभ दाताच्या फटीतून अडखळत होती. “लहानपणापासून त्यानं जे मागितलं ते मी देत आलो. मागू नये म्हणून सांगितलं की फेकल्या.”

शेजारच्या अर्ध्या गाडीवर दादा जागा होता. इंजेक्शनमुळं म्हणा, पडल्यामुळं म्हणा, त्याचे डोळे बऱ्याच दिवसांनी एका जागी ठरले होते. तो किल्ल्यांकडं बघत होता. मग बाबांच्या हाडाकडं. त्यानं सगळं ऐकलं होतं.

सिस्टर म्हणाली, आधी म्हाताऱ्याचं कुलूप काढा, हात जायची वेळ आलीय. मी किल्ली लावायला वाकले.

“आधी त्याचं,” बाबा म्हणाले.

मी चिडखोर बाई आहे, कुणाचं ऐकत नाही, पण ते ऐकलं. दादाच्या मनगटाचं कुलूप उघडलं, साखळी सुटून गाडीच्या दांडीवर पडली. मोकळा झालेला हात दादानं कुठंच नेला नाही. बाबांच्या मनगटातून लोंबणारं साखळीचं टोक त्यानं चाचपून शोधलं, स्वतःच्या मनगटाभोवती एक वेढा घेतला आणि मुठीत धरून ठेवलं, बाबांना आत नेईपर्यंत.